घरची बाग : चैत्रातील भाजी, पौषातील बी

संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाला की गृहिणींनी आपल्या बागेकडे एकदा नीट लक्ष द्यावे. कोबी, वाटाणा, मुळा, मेथी यांनी या दिवसांत बाजार भरलेला असतो, त्यामुळे पुढच्या ऋतूची आठवणही होत नाही. परंतु उन्हाळा सुरू झाला की हीच भाजी महाग व कोमेजलेली मिळू लागते. त्या वेळी घरच्या वेलीची काकडी, एखादा कोवळा दुधी किंवा मूठभर भेंडी हाताशी असावी असे वाटत असेल, तर बियांची व्यवस्था आताच करावयास हवी.

पहिला प्रश्न पेरणीच्या दिवसाचा. आपले वाचक दिल्ली-ग्वाल्हेरपासून बंगळूर-तंजावरपर्यंत विखुरलेले आहेत; सर्वांना एकच तारीख सांगणे योग्य होणार नाही. बी पंचांग पाहून उगवत नाही, मातीची ऊब पाहून उगवते. भेंडी, काकडी, दुधी, दोडका ही सारी उबेची पिके आहेत. भेंडीचे बी थंड, ओल्या मातीत रुजण्याऐवजी कुजते. म्हणून कोकणात व दक्षिणेत जानेवारीतच पेरणी करता येते. देशावर रात्रीचा गारठा कमी होताच जागेवर बी टोकावे. उत्तरेकडे मात्र फेब्रुवारीचा मध्य येईपर्यंत थांबणे हिताचे.

थांबावयाचे म्हणजे स्वस्थ बसावयाचे असे नव्हे. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना तळाशी भोके पाडावीत, त्यांत माती व कुजलेले शेणखत भरून प्रत्येकीत वेलभाजीच्या दोन बिया लावाव्यात. पिशव्या दिवसा उन्हात व रात्री आडोशाला ठेवाव्यात. तीन-चार आठवड्यांत रोपांना दोन ते चार पाने येतात. वेलांना मुळे दुखावलेली सोसत नाहीत. म्हणून लावताना पिशवी कापून मातीच्या गोळ्यासकट रोप आळ्यात ठेवावे.

जुने बी घरात असल्यास पेरण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यावी. वीस बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळाव्यात आणि फडके उबदार जागी ओलसर राखावे. आठ-दहा दिवसांत सोळा बियांना मोड आले, तर बी उत्तम समजावे. दहांनाच आले, तर पेरणी दाट करावी. पाच-सहांवर गोष्ट थांबली, तर नवे बी आणावे. एवढ्या श्रमाने महिन्याची वाट पाहणे वाचते.

टोमॅटो, वांगी व मिरची यांची रोपे आधी गादीवाफ्यात किंवा पसरट कुंडीत तयार करावी लागतात. माती, बारीक वाळू व जुने शेणखत सारख्या प्रमाणात चाळून घ्यावे. शेण कच्चे असेल, तर वाळवी व हुमणी यांना आमंत्रणच होते. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिपटीहून खोल घालू नये. पुष्कळ घरी रोपे उगवतात आणि आठवड्याभरात बुडाशी काळी पडून आडवी होतात. त्याचे कारण बहुधा मायेने घातलेले जादा पाणी हेच असते. दाट रोपे, कोंदट हवा व सतत चिखल यांत बुरशी फोफावते. पाणी सकाळी, झारीने, माती वरून सुकू लागल्यावरच द्यावे आणि रोपे वेळीच विरळ करावीत. चार ते सहा आठवड्यांनी ती लागणीस येतात. तत्पूर्वी काही दिवस पाणी थोडे कमी करून त्यांना उन्हाची सवय करावी, व लागण सायंकाळी करावी.

बी विकत घेताना पाकिटावरील 'पुसा' हे नाव आपण पाहिले असेल. १९०५ साली बिहारमधील पुसा येथे सुरू झालेली कृषी संशोधन संस्था १९३४ च्या भूकंपानंतर दिल्लीस हलविण्यात आली. तेथे निघालेल्या वाणांना आजही त्या गावाचे नाव मिळते. बंगळूरच्या संस्थेचे वाण 'अर्का' नावाने ओळखले जातात. त्यांपैकी 'अर्का अनामिका' ही भेंडी पाने पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगास दाद न देणारी म्हणून काढण्यात आली. पाकिटावर 'संकरित' असे लिहिले असल्यास त्या पिकाचे बी पुढील वर्षासाठी राखू नये. त्यापासून तीच जात पुन्हा मिळत नाही. औषध चोळलेले रंगीत बी मुलांच्या हाती लागू देऊ नये.

सरळ वाणाच्या भेंडीचे बी मात्र अवश्य राखावे. निरोगी झाडावरील दोन-चार शेंगा तोडू नयेत. त्या झाडावरच वाळू द्याव्यात. बी सावलीत सुकवून, थोडी कोरडी राख मिसळून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरावे, आणि बाटलीवर भाजीचे नाव व साल लिहून ठेवावे. पुढील संक्रांतीस शोधाशोध करावी लागणार नाही. शेजारणीलाही त्यातील चिमूटभर देता येईल.