दोन सबवूफर म्हणजे डबल धडधड नव्हे!

"दोन-दोन सबवूफर? घरात थिएटर काढतोयस का?"

दुसरा सब घरी आणला तेव्हा आईपासून खालच्या मजल्यावरच्या काकांपर्यंत सगळ्यांनी हेच विचारलं. दुकानदार तर सगळ्यांच्या वरताण. म्हणे, "साहेब, दोन छोटे कशाला? एकच बारा इंची घ्या, भिंती हलतील!" अरे बाबा, भिंती हलवायच्या असत्या तर कॉन्ट्रॅक्टर नसता का बोलावला?

तर मंडळी, मुद्दा एवढाच की दुसरा सब आवाज वाढवायला नसतो. बेस सगळ्या बैठकीवर सारखा यावा म्हणून असतो. कोपऱ्यात एकच दांडगा सब ठेवून "काय बेस आहे!" म्हणणारे फक्त स्वतःच्या खुर्चीपुरतं बोलत असतात.

जरा बारावीचं फिजिक्स आठवा. समोरासमोरच्या भिंतींमध्ये स्थिर लहरी तयार होतात. पहिल्या लहरीची फ्रीक्वेन्सी म्हणजे ध्वनीचा वेग भागिले अंतराची दुप्पट. आमचा हॉल १७ बाय ११ फूट, म्हणजे लांबीत साधारण ३३ हर्ट्झ आणि रुंदीत ५१. या लहरींचा दाब भिंतीपाशी सर्वात जास्त आणि मधोमध जवळजवळ शून्य. कोपऱ्यातला सब दोन्ही लहरी जोरात उठवतो. परिणाम? बेस गिटारचा जो खालचा सूर सोफ्याच्या टोकाला बसलेल्या बाबांच्या कानात घुमायचा, तोच मधे बसलेल्या मला गायब! मग मी व्हॉल्यूम वाढवणार, बाबा वैतागणार आणि स्लॅबमधून हादरे काकांच्या पलंगापर्यंत जाणार.

यावर "इक्वलायझर आहे की" म्हणणारे शहाणे भेटतातच. उंचवटा कापता येतो हो, पण असा खड्डा भरता येत नाही. १० डेसिबल वाढवायला दहापट पॉवर लागते, आणि ती बाबांच्या डोक्यावर आदळते ती वेगळीच.

हे काही माझं संशोधन नाही. हरमन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात हे मांडलं. आयताकृती खोलीत चार भिंतींच्या मध्यावर चार सब उत्तम, पण समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन ठेवले तरी जवळपास तेच काम होतं. चाराच्या पुढे खास फायदा नाही.

म्हणून एक टीव्हीखाली, दुसरा बरोबर समोर सोफ्यामागे (सोफा थोडा पुढे ओढावा लागतो). दोन्ही एकाच मॉडेलचे, गेन सारखा, फेज सारखी. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झच्या आसपास. मग लांबीची पहिली लहर दोघं मिळून एकमेकांविरुद्ध मारतात आणि रुंदीची तर मुळात उठतच नाही, कारण दोघंही तिच्या शून्यावर बसलेले. शेवटी एक मेजरमेंट माइक आणि फुकट मिळणारं रूम ईक्यू विझार्ड घेऊन तीन-चार जागी मोजा. उरलेले उंचवटे तेव्हा कापा, आधी नाही.

दोन्ही सब एकाच कोपऱ्यात रचणार असाल तर मात्र काकांचीच बाजू बरोबर. तिथे फक्त आवाज वाढतो, खड्डे तसेच राहतात.

नवीन काही घेण्याआधी एक करा. एखादं गाणं लावा आणि सोफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत ऐका. बेस बदलला? मग तुमचा प्रॉब्लेम वॉट्सचा नाही, जागेचा आहे.

असो. काका हल्ली तक्रार घेऊन वर येत नाहीत. चहाला येतात.