नाव कंपनीचं, गाडी आपली

चिखली तालुक्यातल्या उंद्रीसारख्या गावात जुनी गाडी घेताना गिऱ्हाईक आधी कंपनी विचारतं, मग किलोमीटर. मारुती म्हटलं की निम्मी चौकशी तिथेच संपते. १९८३ पासून कमावलेला हा भरवसा खोटा नाही; पण तो लाखो गाड्यांचा आहे, दारात उभी असते एकच.

सप्टेंबर २०२१ मध्ये याच मारुतीने सियाझ, अर्टिगा, विटारा ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल-६ या मॉडेलांच्या १,८१,७५४ पेट्रोल गाड्या परत बोलावल्या. शंका मोटर जनरेटर युनिट या विजेच्या भागातल्या दोषाची होती. तो भाग बदलेपर्यंत साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका, विजेच्या भागांवर थेट पाणी मारू नका, असंही बजावलं. बोअरच्या पाइपाने बॉनेट उघडून गाडी धुणाऱ्यांपर्यंत हा निरोप पोचायलाच हवा! पण कंपनीच्या नोंदीत बऱ्याचदा पहिल्याच मालकाचा फोन. गाडी मात्र दोन हात फिरून आलेली.

दोष जाहीर करणारी कंपनी उलट बरी. १ एप्रिल २०२१ पासून सदोष गाड्या परत बोलावण्याचे सरकारी नियमही लागू झाले. तरी सौद्याआधी आरसी बघतो, तसा चेसिस नंबर देऊन कंपनीकडे चौकशी करावी. गाडी परत बोलावलेल्यांच्या यादीत निघाली, तर तो भाग फुकट बदलून मिळतो.