व्हिसाची मुदत आणि कर्जाचा हप्ता

वेस ओलांडून शिकायला जाणे सीमाभागाला नवे नाही. निपाणीला खेटून असलेले देवचंद महाविद्यालय महाराष्ट्राच्या हद्दीत, कागल तालुक्यातील अर्जुननगरात आहे. आता याच निपाणी-बेळगावची मुले आंतरराष्ट्रीय व्यवसायाच्या पदवीसाठी इंग्लंडची वाट धरीत आहेत. पदवीनंतर तेथेच एखाद्या सल्लागार कंपनीत नोकरी लागेल, अशी त्यांची आशा असते. ती आशा रास्त आहे. तिच्यामागचा हिशेब मात्र अपुरा आहे.

परदेशी पदवीधरांना शिक्षणानंतर दोन वर्षे राहून काम शोधण्याची मुभा ब्रिटनने जुलै २०२१ मध्ये दिली. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना, डॉक्टरेट वगळता, ही मुदत १८ महिन्यांची ठरविण्यात आली. त्यापुढे टिकायचे तर कंपनीने पुरस्कर्ता व्हावे लागते आणि वेतनही नेमून दिलेले हवे. कुशल कामगारांसाठीची सर्वसाधारण वेतनमर्यादा एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७०० पौंडांवर गेली. नवपदवीधरांना सवलत आहे, पण ती ठरावीक काळापुरतीच. सल्लागाराचा व्यवसाय अनुभवावर चालतो. कालच्या पदवीधरासाठी एवढा खटाटोप किती कंपन्या करतील?

इकडे कर्ज थांबत नाही. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेनुसार साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जाला तारण लागते आणि अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने परतफेड सुरू होते. म्हणजे मुलगा तिकडे नोकरी शोधीत असतानाच हप्ता इकडे दारात उभा राहतो. आणि तारण कोणते? राहते घर, नाहीतर तंबाखूचे शिवार. याच तंबाखूच्या भावासाठी १९८१ मध्ये निपाणीच्या शेतकऱ्यांनी महामार्गावर ठाण मांडले आणि गोळ्या झेलल्या. ती जमीन अर्धवट माहितीवर गहाण पडू नये.

मुलांनी जाऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. परंतु दलालाचे रंगीत पत्रक घरात येण्यापूर्वी महाविद्यालयांनी आणि बँकांनी हे आकडे व या तारखा मराठीत आणि कन्नडमध्ये पालकांपुढे मांडाव्यात. विद्यार्थ्यांनीही उद्यमबागेतील एखाद्या कारखान्यात दोन-तीन वर्षे घालवून मग जाणे श्रेयस्कर. ज्याने व्यवहार पाहिला आहे, त्याच्याच सल्ल्याला मोल येते. आणि मुदत संपून जो परतेल, त्याला गावाने नापास ठरवू नये.

दुसऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय शिकायला निघालेल्या मुलाला घरातून निघताना कोणी खरा सल्ला देऊ नये, हा दैवदुर्विलास टाळणे आपल्याच हाती आहे.