डोळ्यातून काढलेला नमुना फेकू नका

मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीमुळे आमच्याकडे दगडांचे जाणकार पुष्कळ. दगडाचा पातळ काप पोलराइज्ड प्रकाशात धरला की त्यातली खनिजं रंगांवरून ओळखू येतात, हे इथल्या पोरांनाही ऐकून माहीत असतं. मी उभी नोकरी पॅथॉलॉजीत काढली. तोच प्रकाश डोळ्यातला एक आजारही पकडतो, हे सांगितलं तर मात्र लोकांना पटत नाही.

तो आजार अमायलॉइडचा. ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन मुख्यतः यकृतात तयार होतं. त्याच्या जनुकात दोष असेल तर त्याचे तंतू होऊन अवयवांत साचतात; हेच अमायलॉइड. डोळ्याच्या मागच्या पोकळीतल्या व्हिट्रियसमध्ये ते पिंजलेल्या कापसासारखे दिसतात आणि नजर धुरकट होते.

धुरकट म्हटलं की नेत्रशिबिरात आधी मोतीबिंदूच आठवतो. लेन्स बसते, तरी दिसत नाही. मग सूज समजून स्टेरॉइडचे थेंब. शेवटी मोठ्या शहरात व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे व्हिट्रियस काढायची शस्त्रक्रिया होते, नजर येते, घरचे पेढे वाटतात. काढलेला व्हिट्रियस मात्र बरेचदा कचऱ्यात जातो. माझं भांडण इथेच आहे.

काँगो रेड हा रंग अमायलॉइडसाठी 1922 पासून वापरात आहे आणि महागही नाही. साध्या प्रकाशात अमायलॉइड केशरी-गुलाबी दिसतं, पोलराइज्ड प्रकाशात हिरवं चमकतं. सेक्शन नेहमीपेक्षा जाड, आठ-दहा मायक्रॉनचं हवं. पातळ घेतलं तर हिरवा रंग हुकतो. सोबत खात्रीची कंट्रोल स्लाइडही रंगवायची. नमुना अपुरा असेल तर निकाल निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून एका रिपोर्टवर शंका सोडायची नाही.

एवढा आटापिटा कशासाठी? कारण हा आजार डोळ्यापुरता नसतो. हातापायांना मुंग्या, मनगटात दबलेली नस, जाड झालेलं हृदय, ही त्याचीच लक्षणं असू शकतात. दोष आनुवंशिक, प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी. टॅफामिडिससारखी औषधं वेळेत मिळाली तर आजाराची गती मंदावते. डोळा मात्र हे प्रथिन स्वतःही बनवतो. त्यामुळे यकृत बदललेल्यांचीही नजर पुढे धुरकटू शकते, काचबिंदूही होऊ शकतो.

म्हणून शिबिराच्या कागदावर दोन प्रश्न छापा: हातापायांना मुंग्या येतात का? रक्ताच्या नात्यात कुणाला असं झालंय का? आणि धुरकटपणाचं कारण सापडलं नसेल, तर काढलेला व्हिट्रियस पॅथॉलॉजीकडे पाठवणं बंधनकारक करा. रिपोर्टची प्रत पेशंटच्या हातात द्या, कारण पुढे तपासणी त्याच्या मुलाबाळांचीही व्हायची आहे.