शाळेसाठी पेनड्राईव्ह घेताय? आधी वर्गातला टीव्ही बघा



विषय छोटा वाटेल. पाचशे-सातशे रुपयांच्या वस्तूवर लेख कशाला, असंही कुणी म्हणेल. पण आमच्या स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ दाखवायला आम्ही पालक मेळावा ठेवला होता, तो दिवस मी विसरलेलो नाही. आया अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून आल्या होत्या. पोरं सकाळपासून "सर, माझा नाच कधी?" विचारत होती. मी पेनड्राईव्ह टीव्हीला लावला आणि टीव्हीला तो दिसेचना. काढला, पुसला, परत लावला. काही नाही. शेवटी लॅपटॉपच्या पंधरा इंची पडद्याभोवती सगळे दाटीवाटीने उभे राहिले. मागच्या बायांना काहीच दिसलं नाही.

पेनड्राईव्ह बिघडला नव्हता. चूक माझी होती. आदल्या रात्री व्हिडिओची साडेपाच जीबीची फाईल कॉपी होत नव्हती. ड्राईव्हमध्ये वीस जीबी जागा रिकामी, तरी संगणक म्हणत होता फाईल फार मोठी आहे. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून मी तो एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केला. फाईल गेली, लॅपटॉपवर चालली, मी निवांत झोपलो. वर्गातल्या जुन्या टीव्हीला एनटीएफएस वाचताच येत नाही, हे मला दुसऱ्या दिवशी शंभर माणसांसमोर कळलं.

तर हे फॉरमॅटचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण दुकानात याबद्दल कुणी बोलत नाही. पेनड्राईव्हमध्ये फायली कशा मांडायच्या याच्या तीन पद्धती नेहमी भेटतात : फॅट३२, एक्सफॅट आणि एनटीएफएस. फॅट३२ सगळ्यात जुनी. टीव्ही, प्रोजेक्टर, म्युझिक सिस्टीम, बहुतेक सगळ्यांना ती कळते. पण तिच्यात फाईलचा आकार ३२ बिटांच्या आकड्यात लिहितात, म्हणून एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. (२ चा ३२ वा घात म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. सातवी-आठवीच्या मुलांना घातांक शिकवताना हे उदाहरण जरूर द्या, डोळे मोठे होतात.) एक्सफॅट २००६ ची, तिला ही अडचण नाही आणि नवे टीव्ही बहुधा ती वाचतात. एनटीएफएस ही विंडोजची. ती फक्त संगणकापुरती ठेवलेली बरी.

म्हणून माझं मत सांगतो. शाळेने एक मोठा ड्राईव्ह घेण्यापेक्षा दोन घ्यावेत. एक ३२ जीबीचा, फॅट३२ मधला, फक्त वर्गातल्या टीव्हीसाठी. दुसरा ६४ किंवा १२८ जीबीचा, वेगवान, कार्यालयातल्या कामासाठी. ३२ च का? कारण त्याहून मोठे ड्राईव्ह बहुधा एक्सफॅटमध्येच येतात आणि विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत त्यांना फॅट३२ चा पर्याय अनेक वर्षं दिलेलाच नव्हता. मोठा व्हिडिओ असेल तर त्याचे दोन भाग करा. आणि ड्राईव्ह दिसतो पण व्हिडिओ चालत नाही असं झालं, तर दोष फॉरमॅटचा नाही. व्हिडिओ एच.२६५ प्रकारचा असेल. तो एच.२६४ च्या एमपी४ मध्ये बदलून घ्या.

आता वेगाचं. पाकिटावर ३.०, ३.१ जेन १, ३.२ जेन १ अशी नावं दिसतील. तिन्ही एकच आहेत, नाव तेवढं बदलत गेलं. त्यांची कमाल मर्यादा सेकंदाला ५ गिगाबिट, तर जुन्या २.० ची ४८० मेगाबिट. पण शाळेतल्या जुन्या संगणकाला २.० चंच पोर्ट असेल, तर नवा ड्राईव्ह तिथे चालेल, मात्र जुन्याच वेगाने. ३.० चं पोर्ट बऱ्याचदा आतून निळं असतं, तेवढं बघून घ्या.

खरी मेख पुढे आहे. पाकिटावर "१०० एमबीपर्यंत" असं लिहिलेलं असतं तो वेग वाचण्याचा. लिहिण्याचा वेग कितीतरी कमी असू शकतो, आणि तो बरेच जण छापतच नाहीत. सेकंदाला ५ एमबीने लिहिणाऱ्या ड्राईव्हवर ४ जीबी भरायला जवळजवळ चौदा मिनिटं लागतात, ५० एमबीवाल्यावर दीड मिनिटसुद्धा नाही. मधल्या सुट्टीत काम उरकायचं असेल तर हा फरक कळतो. दोन पैसे जास्त द्यायचेच, तर ते जीबीसाठी न देता लिहिण्याच्या वेगासाठी द्या.

आपलं निम्मं साहित्य मोबाईलवर येतं, त्यामुळे कार्यालयाचा ड्राईव्ह दोन तोंडांचा, म्हणजे एकीकडे टाईप-सी असलेला घ्या. ओटीजीची वेगळी पिन हमखास हरवते.

आणि चारशे रुपयांत २ टीबी मिळतोय म्हणून हुरळू नका. तो संगणकाला २ टीबी असल्याचं खोटं सांगतो आणि खरी जागा संपली की तुमच्या फायली बिनबोभाट खराब करतो. कुठलाही नवा ड्राईव्ह एचटूटेस्टडब्ल्यू या फुकट सॉफ्टवेअरने एकदा पूर्ण भरून तपासा. लिहिण्याचा खरा वेगही त्यातच दिसतो. ६४ जीबीवर विंडोज ५९ पूर्णांक काही दाखवतं ती मात्र फसवणूक नव्हे. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.

दुकानदाराला आधीच सांगून ठेवा की आमच्या टीव्हीवर चालला नाही तर उद्या परत आणीन. तो जरा कुरकुरेल. मग कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी, त्याच वर्गात, त्याच टीव्हीवर, तोच व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघा.