प्रत्येक जोडणीला तिची हद्द



साताऱ्यातील एका परिचितांच्या पेढीवर कॅमेरे दुरुस्त करण्यास एक कारागीर आला होता. त्याने स्विचमध्ये आपल्या लॅपटॉपची केबल जोडली, तेव्हा कॅमेऱ्यांसोबत हिशेबाचा संगणकही त्याच्या पडद्यावर दिसू लागला. माणूस सज्जन, त्याने ते मालकांना लगेच दाखविले. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांच्या हाती ठेवण्याच्या शिस्तीत नोकरी झालेल्या मला मात्र ही गोष्ट अस्वस्थ करून गेली.

साध्या स्विचला जोडलेली सर्व यंत्रे एकाच जाळ्यात असतात. 'मॅनेज्ड' स्विचमध्ये या जाळ्याचे स्वतंत्र विभाग पाडता येतात. त्यांना व्हीलॅन म्हणतात. जे पोर्ट अशा एकाच विभागाला नेमून दिलेले असते, ते अ‍ॅक्सेस पोर्ट.

सांगलीकरांना हरिपूरची हळदीची पेवे ठाऊक आहेत. पेव एकाच व्यापाऱ्याचे असेल, तर आतल्या मालावर खूण करण्याचे कारण नाही. अनेकांची पोती एकाच ट्रकमध्ये भरली, की मात्र प्रत्येक पोत्यावर खूण हवी. अ‍ॅक्सेस पोर्ट त्या पेवासारखे आहे. संगणकाकडून माहिती खुणेविना येते. ती कोणत्या विभागाची, हे स्विच पोर्टावरून ठरवितो. दोन स्विचांना जोडणारे ट्रंक पोर्ट ट्रकसारखे. तेथे माहितीच्या तुकड्यावर ४ बाइटची खूण चढते, त्यात विभागाचा १ ते ४०९४ पैकी क्रमांक असतो. पलीकडच्या अ‍ॅक्सेस पोर्टातून बाहेर पडताना ती खूण उतरते. आयईईई ८०२.१क्यू या मानकाने १९९८ साली ही पद्धत ठरविली.

म्हणून हिशेबाला विभाग १०, कॅमेऱ्यांना २०, ग्राहकांच्या वायफायला ३० अशी वाटणी करावी. एका विभागातून दुसऱ्यात जाण्याची वाट राउटरमधूनच असते. तेथे कोणाला सोडावे, कोणाला अडवावे, याचे नियम घालून घ्यावेत.

दोन सावधगिऱ्या. नव्या स्विचची सर्व पोर्टे सहसा विभाग १ मध्येच असतात. केवळ महाग स्विच विकत घेतल्याने वाटणी होत नाही. दुसरे, अ‍ॅक्सेस पोर्ट स्वतःहून माणूस ओळखत नाही. हिशेबाच्या पोर्टात जो केबल घालेल, तो हिशेबाच्या विभागात पोहोचेल. यास्तव रिकामी पोर्टे बंद करवावीत व स्विचच्या पेटीला कुलूप असावे.

श्रावकाच्या दिग्व्रतात आपण स्वतःच्या संचाराला हद्द घालून घेतो. पेढीवरील यंत्रांना ती स्वतः घालता येत नाही; ती मालकानेच घालावयाची असते.