आभासी गावातली अतिसभ्य माणसं

अमेरिकी शहरांत गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या वस्त्या इतक्या तुटक का, हे समजून घेण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी चौकटींवर दोन प्रकारची नाणी मांडली. नियम साधा: शेजाऱ्यांत निदान एक तृतीयांश आपल्यासारखे नसतील, तर जागा बदलायची. इतकी माफक अपेक्षा असूनही नाणी सरकत सरकत वेगवेगळ्या घोळक्यांत जमली. वस्त्या तुटायला प्रत्येकाच्या मनात द्वेष असावा लागत नाही, हे त्यांच्या १९७१ च्या निबंधानं दाखवलं.

नाण्यांच्या जागी आता बोलकी पात्रं आली आहेत. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड आणि गूगलच्या संशोधकांनी ‘स्मॉलव्हिल’ हे आभासी गाव वसवलं. त्यातली २५ पात्रं चॅटजीपीटीच्या जोरावर बोलत, आठवणी साठवत, दिवसाचा बेत आखत. इझाबेला या पात्राला व्हॅलेंटाइन डेची पार्टी द्यायची आहे, एवढंच संशोधकांनी पेरलं. बातमी तोंडोतोंडी पसरली. बारा जणांना आमंत्रण गेलं, पाच आले. न आलेल्यांपैकी तिघांनी कामाची सबब सांगितली! हे थक्क करणारं आहे.

मला मात्र या प्रयोगातले दोष अधिक मोलाचे वाटतात. बायको नवऱ्याशी परक्यासारखं औपचारिक बोलते. इझाबेला कुणाच्याही सूचनेला क्वचितच नाही म्हणते. पात्रांमागच्या भाषिक प्रारूपाला आज्ञाधारकपणाचं जे वळण लावलेलं असतं, त्याचाच हा परिणाम असावा, असं संशोधकांनीच प्रामाणिकपणे नोंदवलं आहे. नाण्यांत काय घातलं ते शेलिंग यांना पुरतं ठाऊक होतं, म्हणून जे घडलं त्याचं कारण सांगता आलं. या बोलक्या पात्रांत संशोधकांनी न घातलेलं सौजन्य आधीच मुरलेलं आहे. आणि नकार, रुसवा, मनात एक अन् ओठांवर दुसरं, हे ओळखण्यातच तर माणसाच्या सामाजिक शहाणपणाचा कस लागतो.

अशा पात्रांनी खऱ्या माणसांच्या मताची जागा कधीही घेऊ नये, असं स्मॉलव्हिलच्या कर्त्यांनीच लिहून ठेवलं आहे. तरीही सर्वेक्षणाऐवजी अशा पात्रांनाच प्रश्न विचारून लोकमत जोखण्याचा मोह वाढतो आहे. ही पात्रं लिहिलेल्या मजकुरावरच पोसलेली असल्यानं, ज्यांच्याविषयी लिहिलेलं मुळात थोडं, त्या गावांच्या आणि वस्त्यांच्या तोंडी तर दुसऱ्यांचीच उत्तरं घातली जातील. असे निष्कर्ष मांडणाऱ्यांनी पात्रांना दिलेल्या सूचना उघड कराव्यात, आणि तेच प्रश्न त्या वस्तीत जाऊन विचारल्याशिवाय कोणत्याही सरकारी खात्यानं ते निष्कर्ष स्वीकारू नयेत.